तलावाकाठी प्लॉटिंग येतंय? पाणथळ वाचवण्याचं काम आधी काय, नंतर काय

जेसीबी दिसला की फोटो, फोटोवरून ग्रुपवर संताप, संतापातून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, आणि निवेदन देतानाचा फोटो पुन्हा ग्रुपवर. सातारा-सांगलीत तलाव, ओढे आणि नदीकाठच्या सखल जागा वाचवायला निघालेली बहुतेक मंडळी याच वाटेने जातात. दोनेक महिन्यांनी उत्तर येतं: "सदर जागा खासगी मालकीची असून सातबारा सदरी पाणथळ अशी नोंद नाही." तोवर मुरमावर रोलर फिरून गेलेला असतो.

चूक तळमळीत नसते, क्रमात असते. पाणी कुठपर्यंत येतं, जागा कागदावर कोणाची आहे आणि पाणी कोणत्या वाटेने येतं, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय दिलेला अर्ज टिकत नाही. ती मिळवायला एक पावसाळा लागतो. म्हणून हे काम प्लॉटिंगचा बोर्ड लागण्याआधी सुरू करायचं. तलावाजवळून रस्ता मंजूर झाला किंवा उपसा योजनेचं पाणी तलावात यायला लागलं, की काठच्या जमिनीचा भाव चढतो. सुरुवात करायची वेळ तीच.

टप्पा १: आपली जागा कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा

सगळ्या पाणथळांना एकच कायदा लावायचा प्रयत्न ही सर्वांत महागात पडणारी चूक. आपल्या दोन जिल्ह्यांत साधारण चार प्रकार आहेत.

*सिंचनाचे आणि पाझर तलाव.* माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी इथे हिवाळ्यात पक्षी बघायला लोक लांबून येतात, पण हे तलाव मुळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले. इथेच बहुतेक अर्ज अडकतात. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ च्या व्याख्येतून नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यपालन, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. अर्जात फक्त "२०१७ च्या नियमांचा भंग" असं लिहिलंत, तर समोरचा वकील ही व्याख्या काढून दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

अशा तलावासाठी मुख्य मुद्दा संपादित क्षेत्राचा ठेवा. बुडीत क्षेत्रासाठी सरकारने घेतलेल्या जमिनीवर भराव घातला, तर ते सरकारी जागेवरचं अतिक्रमण होतं. तिथे पक्ष्यांचा मुद्दा काढायचीही गरज पडत नाही. त्याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घ्या. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशावलीतल्या २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळांना आधीच्या २०१० च्या पाणथळ नियमांतल्या नियम ४ मधल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावं, असं न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२४ च्या डिसेंबरात जागेवर जाऊन पडताळणी पूर्ण करायला सांगितलं, तेव्हा नव्या नकाशावलीतला आकडा २,३१,१९५ झाला होता. आपला तलाव त्या यादीत आहे का, हे माहिती अधिकारात विचारा.

तिसरा रस्ता वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३६-अ चा, म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्राचा. मायणी परिसराला २०२१ मध्ये तोच दर्जा मिळाला. पण हे कलम सरकारी मालकीच्या जागेसाठी आहे; काठच्या खासगी रानाला ते आपोआप लागू होत नाही.

*कृष्णा-वारणा काठच्या सखल जागा.* इथे हत्यार पूररेषेचं. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळ्या-लालच्या मधला पट्टा अटींसह नियंत्रित. सांगलीत गुंठेवारीच्या वस्त्या सखल भागात शिरल्या त्या याच पट्ट्यांत.

*सड्यावरची पाणथळं.* कास आणि आसपासचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं. जुलै ते ऑक्टोबर वितभर पाण्याची डबकी, नंतर कोरडा खडक. पंचनामा मार्चमध्ये झाला तर "खडकाळ पडीक जमीन" एवढंच लिहिलं जाणार. त्यामुळे इथला पुरावा फक्त पावसाळ्यातच गोळा होतो. ही डबकी २.२५ हेक्टरच्या चाळणीतून गळतात. वन विभागाची हद्द, महाबळेश्वर-पाचगणीचं २००१ चं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र किंवा विकास आराखड्यावरची हरकत, यांतूनच काम होतं. नवीन महाबळेश्वर प्रकल्पातल्या गावांत नियोजन प्राधिकरण राज्य रस्ते विकास महामंडळ आहे. तिथल्या आराखड्यावरची हरकत तहसीलदाराकडे देऊन उपयोग नाही.

*गावतळी आणि खणी.* ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या ताब्यातली. सार्वजनिक तळी आणि गावाची सामाईक जमीन यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २००१ आणि २०११ चे निकाल आहेत, आणि त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय. चारांत सोपा प्रकार हाच, कारण मालकी सार्वजनिक असते.

तपासा: "आमची जागा अमुक प्रकारात येते आणि तिला पहिला लागू होणारा नियम हा" असं एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पाण्याची हद्द स्वतः आखा

फोटोत पाणी दिसतं, हद्द दिसत नाही. २०१७ चे नियम ज्या पाणथळांना लागू होतात तिथे मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. फक्त बोटीच्या धक्क्याचा अपवाद आहे. (दहा वर्षं नियम लागू झाल्या तारखेपासून मागे मोजायची.) तलावाला पूर्ण संचय पातळी असते, नदीला पूररेषा. कुठलीही असो, जमिनीवर ती नेमकी कुठून जाते हे दाखवता आलं पाहिजे.

तलावाच्या बाबतीत निसर्ग हे काम फुकट करून देतो. परतीच्या पावसात तलाव भरून सांडवा वाहायला लागला, की पाण्याची कड म्हणजेच पूर्ण संचय पातळीची रेषा. सांडव्यावरून पाण्याची नुसती पातळ धार चालू असताना काठाने चालत जा. खडकावर ऑइलपेंटची खूण करा, मातीत खुंट्या ठोका, प्रत्येक खुंटीचा अक्षांश-रेखांशासह फोटो घ्या. मोबाइलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा असतो तो चालतो.

आपल्याकडे सांडवा दर वर्षी वाहत नाही, हे खरं. मग गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या. इथे लोक सांडव्यापासून प्लॉटपर्यंत किलोमीटरभर नळी टप्प्याटप्प्याने नेतात आणि चूक साठत जाते. त्याऐवजी तलावाच्या पाण्यालाच लेव्हल म्हणून वापरा:

१. वारा नसलेली सकाळ निवडा. लाटा उठल्या की माप गेलं.
२. सांडव्यापाशी जाऊन सांडव्याचा माथा पाण्यापेक्षा किती उंच आहे ते नळी आणि टेपने मोजा. समजा १ मीटर २० सेंटिमीटर आलं.
३. त्याच सकाळी प्लॉटच्या बाजूला जा. पाण्याच्या कडेला नळीचं एक टोक धरा, दुसरा माणूस दुसरं टोक घेऊन चढावर जाईल. पाण्यापासून बरोबर १ मीटर २० सेंटिमीटर उंचीचा बिंदू सापडला की खुंटी ठोका.
४. दर पन्नासेक पावलांवर हेच करा. खुंट्या जोडल्या की रेषा तयार.

नळीत बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं येतं. नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेघेत आहे का ते आधी बघा. उथळ काठावर चार बोटं उंचीचा फरक म्हणजे जमिनीवर कित्येक मीटरचा फरक असतो, आणि भांडण नेमकं त्या पट्ट्याचंच असतं. दलदलीत चरणारे शेकाटे, तुतवार या पक्ष्यांचं खाणं त्याच पट्ट्यात, आणि भरावासाठी स्वस्त जागाही तीच.

नदीकाठी पूर ओसरल्यावर झाडांना, कुंपणाला अडकलेला काडीकचरा आणि भिंतीवरची गाळाची रेघ ही खूण. दोन दिवसांत टिपा, पहिल्या पावसात ती धुऊन जाते. सांगलीकरांना पूर फुटांत कळतो, त्याचा इथे फायदा घ्या. आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आपल्या सखल जागेत पाणी कधी शिरलं, कधी भरलं, त्या-त्या वेळी आयर्विनला किती फूट होतं, हे लिहून ठेवा. "आमच्याकडे पाणी येतं" या वाक्याला किंमत नाही. "आयर्विनला इतके फूट असताना या गटात गुडघाभर पाणी होतं, हा फोटो, ही तारीख" याला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांचे फोटो गावात घरोघरी असतात, ते मागून घ्या.

सावध: खासगी रानात खुंटी ठोकायला परवानगीशिवाय शिरू नका. तलावाच्या बाजूने, पाण्याकडून मोजत या. एकट्याने आणि अंधारात तर मुळीच जाऊ नका; मुरमाच्या धंद्यात गुंतलेली माणसं सगळीच बोलण्याने ऐकणारी नसतात.

तपासा: दुसऱ्या जोडीकडून स्वतंत्र माप घ्या. खुंट्या वितभरापेक्षा जास्त हलल्या तर पुन्हा मोजा. नंतर धरण शाखेच्या अभियंत्याकडच्या पाणीपातळीच्या नोंदवहीशी ताडून पाहा. ती नोंदवही माहिती अधिकारात मिळते.

टप्पा ३: कागद उलट्या क्रमाने वाचा

लोक आजचा सातबारा काढतात, त्यावर खासगी नाव बघतात आणि हात टेकतात. आजचा सातबारा शेवटी बघायचा. क्रम असा:

*गावनकाशा.* भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल घ्या. ओढा, नाला, तळं त्यावर रेषांनी दाखवलेलं असतं. संकेतस्थळावरचा भूनकाशा सोयीचा आहे, पण अर्जाला शिक्क्याची नक्कल जोडा.

*भूसंपादनाचा निवाडा.* तलावासाठी कोणत्या सर्व्हे नंबरातलं किती क्षेत्र घेतलं, मोबदला कोणाला दिला, हे निवाड्यात असतं. तो प्रांत कार्यालयात किंवा भूसंपादन शाखेत सापडतो. शोधायला वेळ लागतो, चार वेळा "रेकॉर्ड सापडत नाही" ऐकावं लागतं. तरी सोडू नका, सगळ्या प्रकरणाचा कणा हाच कागद आहे.

*कजाप.* कमी-जास्त पत्रक, म्हणजे जमिनीचं क्षेत्र कमी-जास्त झाल्याची भूमी अभिलेखातली नोंद, झालं आहे का ते बघा. सगळ्यात मोठी भानगड इथेच असते. दुष्काळी कामांवर घाईने बांधलेल्या कितीतरी पाझर तलावांच्या बाबतीत जमीन पाण्याखाली गेली, निवाडाही झाला, पण कजाप होऊन सातबारा वेगळा झालाच नाही. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव तसंच राहिलं, मग वारसांची नावं लागली, मग खरेदीखत झालं. प्लॉट विकणाऱ्याकडे त्यामुळे "क्लिअर टायटल" असतं. निवाडा हातात असेल तर मागणी सोपी होते: निवाड्यानुसार कजाप करून संपादित क्षेत्राची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी, आणि तोवर इतर हक्कात तसा शेरा मारावा.

*फेरफार.* खरेदी, वाटणी, एकत्रीकरण, सगळं. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा ओढ्याचं क्षेत्र गायब झालं का, हे जुन्या नंबरावरून तपासा.

*आजचा सातबारा.* नावाच्या आधी पोटखराबाचा रकाना बघा. वर्ग (अ) म्हणजे लागवडीला अयोग्य, वर्ग (ब) म्हणजे रस्ता, नाला, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामाचं क्षेत्र. ओढा बहुधा (ब) मध्ये असतो. मंजुरीच्या नकाशात हेच क्षेत्र "ओपन स्पेस" म्हणून दाखवलेलं सापडलं तर तुमचं अर्धं काम झालं.

गाळपेराचंही विचारा. पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत जमिनीत रब्बीपुरतं पीक घ्यायला विभाग भाडेपट्टा देतो. तो मालकी हक्क नव्हे. पण वर्षानुवर्षं गाळपेर करणाऱ्याकडून "कब्जा" विकत घेऊन त्यावर कुंपण घातल्याचे प्रकार होतात.

सावध: हद्दीची सरकारी मोजणी त्रयस्थ माणसाला मागता येत नाही, ती जागेच्या धारकाने मागायची असते. म्हणून अर्जात "संपादित क्षेत्राची हद्दकायम मोजणी विभागाने करून घ्यावी आणि हद्दीचे दगड बसवावेत" अशी मागणी तलावाच्या मालक विभागाकडे करा. मालक विभाग कोणता हेही आधी पाहा: लहान पाझर तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यावरचे मृद व जलसंधारणकडे, मोठे जलसंपदाकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग" होत फिरत राहतो.

टप्पा ४: पाणी ज्या वाटेने येतं ती वाट चालून बघा

तलावात कोणी उभं राहून भराव घालत नाही. आधी वरचा ओढा वळवला जातो, मग त्यावर रस्त्यासाठी मुरूम टाकून खाली एक सिमेंटची नळी बसवतात, मग दोन पावसाळ्यांत तलावाचं एक टोक कोरडं पडतं, आणि कोरड्या टोकावर प्लॉट पडतात. तेव्हा कोणी तक्रार केली तर पंचनाम्यात खरोखरच "पाणी आढळले नाही" असं येतं.

म्हणून ओढ्याने उलटं, उगमाकडे चालत जा. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. प्रत्येक मोरी, नळी, बांध, सांडपाण्याचं तोंड टिपा. नळीचा व्यास टेपने मोजा, आणि तिच्या वर आणि खाली ओढ्याच्या पात्राची रुंदी मोजा. बारा फुटी पात्र आणि दोन फुटी नळी हा फोटो कोणत्याही भाषणापेक्षा बोलका असतो. टेप फोटोत दिसू द्या. नळीच्या वरच्या बाजूला गाळ साचला आहे का, पूर रस्त्यावरून गेल्याच्या खुणा आहेत का, तेही.

पाण्याचं येणं तुटण्याइतकंच वाईट म्हणजे नको ते पाणी येणं. प्लॉटिंगची गटारं सरळ ओढ्यात सोडली की दोन-तीन वर्षांत जलपर्णी येते, बेशरमाची झुडपं माजतात. तोंडाशी पाण्याचा रंग, वास, फेस लिहा. नमुना स्वतः बाटलीत भरून "चाचणी" करवून घेण्यात पैसे घालवू नका. पुढे वाद झाला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने रीतसर घेतलेला नमुनाच टिकतो. सातारा आणि सांगली दोन्हीकडे मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे.

तपासा: गावनकाशावरचा ओढा आणि तुम्ही चाललात तो ओढा एकच आहे का? वेगळा निघाला तर कुठून वळवला तो बिंदू खूण करून ठेवा.

टप्पा ५: विकासकाशी आधी बोला

हा टप्पा कार्यकर्त्यांना आवडत नाही. पण काठावरचं सगळंच बांधकाम बेकायदा नसतं, आणि कायदेशीर कामाला "थांबवा" म्हणून हाती काही लागत नाही. "असं करा" म्हणून बरंच लागतं. बोलायला सरपंच किंवा जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या माणसाला सोबत घ्या आणि झालेलं बोलणं त्याच दिवशी लेखी पत्राने कळवा. मागायचं ते नेमकं मागा:

- माती हलवण्याची कामं ऑक्टोबर ते मे. पावसात उघडी माती म्हणजे तलावात गाळ.
- मुरूम-मातीचे ढीग ओढ्यापासून लांब, आणि ढिगाच्या उताराकडच्या बाजूला चर खणून मागे दगडी बांध. चर भरला की उपसायचा. नाहीतर पहिल्या मोठ्या सरीनंतर तो नसल्यासारखाच.
- पाण्याच्या रेषेपासून ५० मीटरचा पट्टा गवत-झुडपांसकट जसाच्या तसा. कायद्याने बंधन असो वा नसो. वरून येणारा गाळ आणि खत हा पट्टाच अडवतो.
- ओढ्यावर नळीऐवजी पात्राच्या पूर्ण रुंदीची मोरी.
- सांडपाणी ओढ्यात नाही. शोषखड्डे काठापासून शक्य तितके वर. काठालगत भूजल इतकं वर असतं की शोषखड्डा पावसाळ्यात उलटा भरतो.
- दिवे खाली तोंडाचे, पाण्याकडे प्रकाश न जाणारे.
- राडारोडा कुठे टाकणार ती जागा आधी लेखी.

काही विकासक ऐकतात. "लेक व्ह्यू" विकणाऱ्याला लेक टिकणं हवंच असतं, फक्त पुढच्या हप्त्यापलीकडचं कोणीतरी बोलून दाखवावं लागतं.

टप्पा ६: अर्ज लिहा, तोही लहान

पर्यावरणाचं महत्त्व, पक्ष्यांची यादी, पुढच्या पिढ्या यांनी पहिली दोन पानं भरलेला अर्ज वाचला जात नाही. एका पानात पाच गोष्टी: गाव, तालुका, गट नंबर; संपादित किंवा पोटखराब (ब) क्षेत्र किती आणि कोणत्या कागदानुसार; काय काम चालू आहे किंवा होणार आहे; कोणत्या तरतुदीचा भंग; आणि नेमकी मागणी. बाकी सगळं सहपत्रांत, क्रमांक घालून. पक्ष्यांच्या नोंदी सहपत्रात जरूर जोडा, आणि त्या जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतल्या असतील तर उत्तम.

मागणी "योग्य ती कारवाई करावी" अशी कधीही करू नका. योग्य ती कारवाई म्हणजे काहीच नाही. "स्थळपाहणी करून अर्जदारासमक्ष पंचनामा करावा, हद्दकायम मोजणी व्हावी, तोवर काम थांबवण्याचा आदेश व्हावा" असं लिहा.

कोणाकडे काय द्यायचं:

- भराव, ओढा बुजवणं, मुरूम उपसा: तहसीलदार. विनापरवाना गौण खनिजाला जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) आहे, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत.
- विनापरवाना बांधकाम, चुकीचा मंजूर नकाशा: ज्याने मंजुरी दिली ते प्राधिकरण आणि नगररचना कार्यालय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाची कलमं ५३ आणि ५४; चालू काम थांबवायची नोटीस ५४ खाली निघते.
- संपादित क्षेत्रातलं अतिक्रमण: तलावाचा मालक विभाग.
- सांडपाणी: प्रदूषण नियंत्रण मंडळ.
- या सगळ्याची एकेक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. उत्तर येत नसेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन.

"एनए (बिगरशेती) झालेलं नाही" या एकाच मुद्द्यावर उभं राहू नका. जमीन महसूल संहितेच्या ४२-ब, ४२-क, ४२-ड या कलमांमुळे विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत त्या वापरासाठी दाखवलेल्या किंवा गावठाण हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी बिगरशेती परवानगी लागेलच असं नाही. हा मुद्दा पडला की उरलेल्या अर्जाचीही पत जाते. मोठ्या प्रकल्पात बघायचं ते वेगळं: २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते.

सोबत ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात गट नंबर आणि ओढ्याचं नाव हवं. तळं आणि ओढा लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदवून घ्या. गावाच्या कपाटात ती धूळ खात पडलेली असते, मागून काढा.

माहिती अधिकाराच्या अर्जात आपल्या राज्यात १५० शब्द आणि एकच विषय ही मर्यादा आहे. म्हणून निवाडा, पाणीपातळी, मंजूर नकाशा यांसाठी वेगवेगळे अर्ज. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

तपासा: प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच आहे का? व्हॉट्सॲपवर साहेबांनी पाठवलेला अंगठा ही पोच नव्हे.

टप्पा ७: काम सुरू झालंच तर पहिले दोन दिवस

सुट्टीला जोडून काम सुरू होतं, शक्यतो शुक्रवारी रात्री. त्यासाठी अर्ज आधीच टंकून ठेवा, फक्त तारीख घालायची.

पहिल्या तासात रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून फोटो: वाहनांचे नंबर, तुमच्या आधीच्या खुंट्या, मागे ओळखू येणारी टेकडी किंवा बंधारा. मग तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना फोन, लगेच तोच मजकूर मेसेजने. मुरूम चोरीचा असेल तर ११२. सोमवारी कार्यालय उघडताच अर्ज हातात, पंचनाम्याची मागणी, आणि पंचनाम्याला हजर राहा. पंचनाम्यात भरावाची लांबी, रुंदी, उंची लिहिली गेली पाहिजे. "किरकोळ भराव" असा शब्द दिसला तर सही करण्याआधी तिथेच हरकत नोंदवा.

गाडी अडवणं, ड्रायव्हरशी झोंबणं, फेसबुकवर नाव घेऊन "भूमाफिया" लिहिणं, या तिन्ही गोष्टी समोरच्याच्या फायद्याच्या. गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि तलाव बाजूला राहतो.

टप्पा ८: हरित लवादाची मुदत मोजत राहा

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, आपल्यापासून लांब नाही. पण कलम १४ खाली अर्ज करायची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. निवेदनं देत बसलं म्हणून ही मुदत थांबत नाही. पर्यावरण पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ मध्ये पाच वर्षं मिळतात. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर कलम १६, तिथे तीसच दिवस.

भराव पडला ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि चौथ्या महिन्यात वकिलाकडे फाइल न्या. सहाव्या महिन्यात नेलेल्या फाइलला घाईची चूक चिकटते.

टप्पा ९: वाचलेल्या तलावाचं सुशोभीकरण होऊ देऊ नका

तक्रार यशस्वी झाली, अतिक्रमण हटलं, आता निधी येतो. कडेने दगडी पिचिंग, त्यावर पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, कारंजं, रंगीत दिवे. प्लॉटिंगने जो उथळ काठ गेला नव्हता तो याने जातो. कामाचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी मागवा आणि पाण्याच्या रेषेच्या आत कोणतंही पक्कं काम नको, असा ग्रामसभेचा ठराव द्या. चालायला वाट हवीच असेल तर ती एकाच बाजूला, मुरमाची, आणि रेषेपासून लांब.

वृक्षारोपणाचंही तसंच. काठच्या उघड्या गवताळ पट्ट्यावर टिटवी जमिनीवर घरटं करते. तिथे रांगेने गुलमोहर लावला की तिची जागा गेली. झाडं वर, ओढ्याच्या कडेला: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी, वाळुंज. पाण्यालगत लव्हाळा आणि पाणकणीस असेल ते राहू द्या. पाणकणीस सगळा तलाव झाकायला लागलं तरच हिवाळ्यानंतर थोडं थोडं काढा. जलपर्णी मात्र पहिल्या मूठभर दिसली त्याच दिवशी.

गाळ काढताना ठेकेदाराच्या करारात चार ओळी घाला: काठाचा नैसर्गिक उतार ठेवायचा, उभा कडा कापायचा नाही, पाण्याच्या रेषेपासून आत ठरावीक अंतर सोडूनच खोदाई, मधली बेटं आणि उंचवटे तसेच ठेवायचे. काढलेला गाळ शेतात जातोय की शेजारच्या प्लॉटमध्ये भराव म्हणून, हे ट्रॉलीमागे जाऊन एकदा बघून या.